झापातला दिवा

आमच्या वाडीत पावसाळ्याच्या तोंडावर होड्या निजवीत. म्हणजे त्या वाळूवर ओढून घ्यायच्या, माडाच्या ओंडक्यांवर टेकवायच्या आणि वरून झापांनी झाकून टाकायच्या. झाप म्हणजे माडाच्या झावळ्यांचे विणलेले तट्टे. ते सुंभाने आवळून बांधले की चार महिने पाऊस कितीही झोडपो, आतले लाकूड सुके राही. सगळ्या होड्या निजल्या की शेवटी धक्क्याच्या टोकावरचा दिवा निजवायचा. दिवा म्हणजे त्याचा चिऱ्यांचा मनोरा. तो काही पाण्यात जाणारा नव्हता, पण वाडीत त्याला शेवटची होडी म्हणत आणि होडीसारखेच वागवीत. आधी शिंपल्यांच्या चुन्याचा हात, तो वाळला की वाऱ्याच्या बाजूंना झाप, आणि झापांवरून सुंभाचे वेढे. मग तो मनोरा इरले घेतलेल्या बाईसारखा दिसे. नारळी पौर्णिमेला आधी त्याचे झाप सोडायचे आणि मगच दर्याला नारळ द्यायचा, असा क्रम होता. हा क्रम कोणी घातला ते कोणाला माहीत नव्हते.

तो मनोरा आता नाही. त्याचा फोटो कोणी काढलेला नाही. मी कॉलेजात शिकतो, आमच्या घरातला पहिलाच, म्हणून हे लिहिण्याचे काम आपल्याकडे आले असे मला वाटते. पण ते मला जमेल की नाही याची खात्री नाही. आठवते तसे लिहितो.

रत्नागिरीहून भाट्याच्या खाडीकडे उतरले की तरीच्या, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीच्या जागेच्या, अलीकडे एक जुना धक्का लागे. किल्ल्यावरचा मोठा दिवा वेगळा. तो दूरच्या जहाजांसाठी. आमचा दिवा लहान, फक्त खाडीत शिरणाऱ्यांसाठी. मनोऱ्याची उंची फार नव्हती. वाडीतले जुने माड त्याच्यापेक्षा उंच होते. वर काचेची पेटी, तिच्यात घासलेटचा दिवा. पेटीच्या एका अंगाची काच तांबडी होती. आगबोट बाहेर खोल पाण्यात नांगर टाकी आणि उतारूंना आणायला पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, जात. पडाव परत येईपर्यंत दिवेलागण होई. तांडेलाला, म्हणजे पडाव हाकणाऱ्याला, पांढरा उजेड दिसला तर वाट बरोबर. तांबडा दिसला तर पुढे खडप आहे, पाण्याखालचा खडक, सुकाणू फिरव. एवढेच त्या दिव्याचे म्हणणे होते.

माझे वडील त्या दिव्याचे दिवेवाले. त्यांना आम्ही बाबा म्हणतो. दुपार कलली की ते चुलीतली राख आणि जुन्या धोतराची चिंधी घेऊन धक्क्यावर जात. लहानपणी मीही मागोमाग जाई. काच पुसताना ते बोलत नसत. तांबडी काच ते शेवटी पुसत आणि पुसून झाली की तिच्यातून एकदा भाट्याकडे बघत. मला उचलून दाखवीत तेव्हा पलीकडचे सगळे माड, वाळू, पाणी तांबडेलाल दिसे, आणि मला ते फार आवडे. त्या काचेचा अर्थ 'इकडे येऊ नका' असा आहे हे मला पुष्कळ उशिरा कळले.

पडावांच्या तांडेलांपैकी एक बाबांचे मित्र होते. पलीकडच्या मोहल्ल्यातले. आम्ही मुले त्यांना चाचा म्हणत असू. उतारू उतरवून झाले, बोजे हलले, रडणारी मुले आणि वास मारणाऱ्या टोपल्या निघून गेल्या, की चाचा धक्क्याच्या पायरीवर बसून विडी ओढीत आणि वर बघून म्हणत,

"भाऊ, तुझा दिवा आज पिवळा दिसतो. कावीळ झाली काय रे त्याला?"

"त्याला नाय झाली," बाबा वरूनच म्हणत. "बघणाऱ्याला झाली हाय."

"मगे उद्या तूच ये पडावावर. मी बसतो वर, काचा पुशीत. बायकांचा काम तां."

"तू वर बसलास तर सगळे पडाव पार मालवणात जातील."

हे बोलणे रोजचे होते, शब्दही जवळजवळ तेच. मला वाटते दोघांनाही दुसऱ्याने तेच म्हणावे अशी अपेक्षा असे.

मनोरा कोणी बांधला याच्या तीन गोष्टी होत्या. बाबा सांगत की एका व्यापाऱ्याचा मिठाचा पडाव खडपावर फुटला आणि त्याने पुढच्यांसाठी हा बांधला. बाबांच्या आज्याने त्याचे चिरे डोक्यावरून वाहिले होते, म्हणून ही गोष्ट आमच्या घरात खरी मानली जाई. चाचा सांगत की व्यापारी वगैरे कोणी नव्हता. त्यांच्या मोहल्ल्यातल्या एका नाखव्याने परदेशातून सुखरूप परत आल्यावर बोललेला नवस फेडला. माझी आई, जिला मी आये म्हणतो, ती म्हणे, दोघेही खोटे, तिथे आधीपासून पणती लावीत असत, मनोरा नंतर पणतीसाठी आला. सरकारी खात्याने तो पुढे कधी तरी आपल्याकडे घेतला आणि वर काचेची पेटी बसवली, एवढेच सर्वांना कबूल होते.

मी इंग्रजी शाळेत गेलो त्या वर्षांत खाडीचे तोंड भरू लागले. ते एकदम झाले नाही. आधी ओहोटीला पडावाचा तळ वाळूला घासू लागला. मग पडाव भरतीची वाट बघू लागले. आगबोट वाट बघत नाही, ती भोंगा देऊन निघून जाते. तेव्हा उतारू दुसऱ्या बाजूच्या बंदरावर जाऊ लागले. त्यातच आंबा घाटातून कोल्हापूरला सर्व्हिस मोटार सुरू झाली. लांज्याकडे, पालीकडे मोटारी धावू लागल्या. पुढे मी शिष्यवृत्तीवर कोल्हापूरच्या कॉलेजात गेलो तो याच मोटारीने. पहिल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा चाचा धक्क्यावर जाळे तुणीत बसले होते. पडाव त्यांनी विकला होता.

"आलास?" ते म्हणाले. "कशातनं आलास?"

"मोटारीतून, चाचा."

"अरे अरे. दिवेवाल्याचा झिल आणि मोटारीतनं येतो. बापाला सांगू नको हां, तुला घरात घेणार नाय."

ते हसत होते, पण बाबा हसले नाहीत. ते काच पुसत होते. धक्क्याला कोणी लागत नव्हते तरी दिवा रोज लागत होता, कारण लावू नका असे कोणी सांगितले नव्हते.

ते सांगायला त्याच सुट्टीत साहेब आला. साहेब म्हणजे बंदर खात्याचा एक ओव्हरसियर. गोरा नव्हे, आपल्यातलाच, देशावरचा, उन्हाने थकलेला मनुष्य. पलीकडची बंदरे बघून येताना भाट्याच्या तरीत त्याला बोट लागली होती आणि तो रुमाल तोंडाला धरूनच धक्क्यावर आला. आयेने शहाळे दिले. ते पिऊन झाल्यावर तो बाबांना म्हणाला,

"येत्या हंगामापासून इथं वात लावायची नाही. वरूनच ठरलं आहे. पडाव लागत नाहीत तिथं दिवा कशाला?"

"बरा," बाबा म्हणाले. ते त्यांना अपेक्षित होते. मग त्यांनी विचारले, "आणि मनोरा?"

"पाडायचा. असाच सोडला, पडका झाला आणि कोणाच्या डोक्यात चिरा पडला, तर कोण जबाबदार?"

बाबांनी हातातली चिंधी पिळली. ती कोरडीच होती. मी त्यांच्या जवळ उभा होतो. वात जाणार म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला नव्हता, तो आत्ता बदलला. मला काही तरी बोलणे भाग वाटले.

"साहेब," मी म्हटले, "त्याला इतिहास आहे."

"कसला?"

कॉलेजात आमचे प्राध्यापक म्हणत की जुनी वास्तू वाचवायची तर आधी तिचा इतिहास पुढे ठेवावा. मी ठेवायला गेलो. एक जण असे म्हणतात, दुसरे असे म्हणतात, असे करीत तिन्ही गोष्टी सांगितल्या, आणि सांगता सांगताच मला कळत होते की एकीने दुसरी खोटी ठरते आहे. साहेबाने मात्र शेवटपर्यंत ऐकले.

मागून चाचा म्हणाले, "चौथी पण हाय साहेब, पण ती बायकांसमोर सांगायची नाय."

साहेबाला हसू आले. शहाळ्याने त्याला बरे वाटले असावे. तो मनोऱ्याभोवती एक फेरी मारून आला, इकडे तिकडे काठी टेकवली आणि म्हणाला, "हे बघा, पावसाळा संपला की मी पुन्हा येणार आहे. तेव्हा हा भक्कम असला आणि सांभाळायचं वाडीनं कबूल केलं, तर दिवसाची खूण म्हणून राहू द्यावा असं मी लिहीन. मासेमारीच्या होड्यांना उपयोगी आहे म्हणून. भक्कम नसला तर माझ्या हातात काही नाही."

तो गेल्यावर घरी येताना वाटेत बाबा एवढेच म्हणाले, "पेटला नाय तरी चालेल. उभा राह्यला म्हणजे झाला."

मला त्या वेळी ते थोडे विचित्र वाटले. न पेटणाऱ्या दिव्याचे काय करायचे? पण बाबांना खाडीच्या तोंडाशी काही तरी उभे हवे होते. त्यांच्या आज्याने वाहिलेले चिरे, त्यांनी स्वतः दर वर्षी चुना लावलेले. दुसरे त्यांच्याजवळ दाखवण्यासारखे काही नव्हते. मी होतो, पण माझे अजून काही झाले नव्हते.

माझा काका मुंबईला गोदीत कामाला होता. बाबांचा धाकटा भाऊ. पावसाळ्याआधीच्या अखेरच्या आगबोटीने तो आला, आणि येताना सिमेंट घेऊन आला. आमच्याकडे त्याला शिमीट म्हणत. दुसऱ्या बंदरावरून गाडीने आणलेली ती पोती वाडीत उतरली तेव्हा सगळी वाडी बघायला जमली. मुंबईत काम करणाऱ्या वाडीतल्या सगळ्यांनी मिळून ती दिली होती. मी पत्रातून लिहिलेले साहेबाचे बोलणे काकाने त्यांना कळवले होते. आमच्या माणसांनी एका दिव्यासाठी मुंबईत बसून असे काही करावे, याचे मला आजही बरे वाटते. पुढे जे झाले त्याने त्यातले काही कमी होत नाही, असे मी स्वतःला सांगतो.

"गोदीची भिंत बघा एकदा," काका ओटीवर बसून सांगत होता. "समुद्र डोकी आपटतो, डोकी. टवका उडत नाय. एकदा हात फिरवला की शंभर वर्सां बघायला नको."

मनोऱ्याचा जुना चुना खरवडून काढला. आतले चिरे मी प्रथमच उघडे पाहिले. जांभ्याचा दगड भोकाभोकांचा असतो, मधाच्या पोळ्यासारखा, आणि खाडीच्या वाऱ्यावरचे ते चिरे हाताला ओलसर लागत होते. कोणी म्हणाले, ओले आहेत. काका म्हणाला, शिमिटाला ओलच लागते. ते खरेही होते, गवंडी शिमीट लावण्याआधी भिंतीवर पाणी मारतातच. मग गिलावा सुरू झाला. काका थापी मारी, मी आणि वाडीतली मुले घमेली देत होतो, बाबा खालून बघत होते. सबंध मनोरा करडा आणि गुळगुळीत झाला. नव्या पाटीसारखा.

प्रश्न आला तो झापांचा. त्या वर्षीचे झाप आये-बाबांनी विणून ठेवले होते, सुंभ वळून तयार होते.

"शिमिटावर झाप?" काका म्हणाला. "कोट घालून वर घोंगडी घेतात काय?"

लोक हसले.

"तां खरा," बाबा हळूच म्हणाले, "पण दर साल आपण…"

"दादा, साहेब येईल तेव्हा त्याला काय दिसायला पायजे? झापात गुंडाळलेला गोठा? का ह्यो?" काकाने मनोऱ्याकडे हात केला. "ऊन-पाऊस खाऊ दे त्याला. मगे बोलू दे साहेबाला भक्कम नाय म्हणून."

चाचा जाळ्यातून मान वर न करता म्हणाले, "म्हणजे निजवायचाच नाय? चार म्हयने उभाच ठेवणार बिचाऱ्याला?"

"तुमी निजा चाचा, तुमचा वय झाला," काका म्हणाला. "तो राहील जागा."

पुन्हा सगळे हसले, चाचाही. कोणाला त्यात वावगे वाटले नाही. मलाही नाही. उलट मला वाटले की आमची वाडी एक पाऊल पुढे जाते आहे. होड्या निजल्या. शेवटची होडी जागी राहिली. विणून ठेवलेले झाप आमच्या गोठ्यावर गेले.

मी कोल्हापूरला परतलो. त्या वर्षी पाऊस पुष्कळ झाला असे घरून आलेल्या माणसांकडून कळत होते. मी कोणालाही पहिला प्रश्न मनोऱ्याचा विचारी आणि प्रत्येक जण सांगे, उभा आहे, झकास दिसतो.

नारळी पौर्णिमेला काय झाले ते आयेने मला नंतर सांगितले. लोक नेहमीप्रमाणे धक्क्यावर जमले. पुरुष मनोऱ्याशी गेले आणि तिथे थांबले. सोडायला झाप नव्हते, गाठी नव्हत्या. "सगळी उभी राह्यली एकमेकांच्या तोंडाकडे बघीत," आये म्हणाली. "नारळ कदी द्यायचा तां कोणाला समजेना. मगे तुझ्या बापसान उगाच त्याच्यावरनं हात फिरवला आणि म्हणाले, द्या आता." हात फिरवताना बाबांना काही कळले असेल का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "मला काय बोलले नाय. पण जेवले नाय त्या दिवशी."

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो. उतारावरून खाडी दिसू लागली तेव्हा धक्क्याच्या टोकावर मनोरा होता, करडा, गुळगुळीत, झाला होता तसा. मला फार आनंद झाला. मी घरी न जाता तसाच धक्क्यावर गेलो. बाबा तिथेच बसलेले होते. मी मनोऱ्यावर थाप मारायला हात उचलला.

"हात नको लावू," ते म्हणाले. "ओला हाय."

उन्हाळ्यात लावलेला गिलावा दिवाळीत ओला कसा असेल, हा विचार माझ्या मनात आला नाही असे नाही. पण बाबा खोटे बोलतील हा विचार त्याहून अवघड होता. मी हात मागे घेतला. घरी जाताना आम्ही माझ्या परीक्षेविषयी बोललो.

साहेब भाऊबीज झाल्यावर आला. या वेळी तरीत त्याला त्रास झाला नव्हता आणि तो चांगल्या मनःस्थितीत होता. वाडीतले लोक जमले होते. काका मुंबईलाच होता, पण त्याचे नाव लोकांनी साहेबाला दोनदा सांगितले.

"वा," साहेब म्हणाला. "हे तर नवंच करून टाकलंत तुम्ही."

बाबा मनोऱ्याला पाठ लावून उभे होते. वाऱ्याच्या अंगाला, कोपऱ्याशी. साहेबाशी बोलताना ते सहसा दोन पावले पुढे येऊन, हात जोडून उभे राहत. आज ते टेकून राहिले. मला वाटले, वय झाले, थकले असतील. साहेब फेरी मारू लागला. काठीने मधून मधून ठोकून बघत होता. पहिल्या बाजूला घट्ट आवाज आला. दुसऱ्या बाजूलाही. तिसऱ्या बाजूला आवाज थोडा बदलला, डबक्यावर फळी आपटावी तसा. साहेबाने पुन्हा ठोकले. मग तो बाबांपाशी आला.

"तुम्ही जरा बाजूला व्हा."

बाबा हलले नाहीत. "हितं बरा हाय साहेब," ते म्हणाले. "हितं कायच नाय बघण्यासारखा."

"व्हा हो बाजूला."

तेव्हा चाचा पुढे आले. त्यांनी बाबांचा दंड धरला आणि म्हणाले, "भाऊ, चल. बघू दे त्याला."

बाबांच्या पाठीमागे गिलाव्याला फुगवटा होता, भाकरीला पापुद्रा येतो तसा. त्यांच्या सदऱ्याला मागे तांबडा ओला डाग पडलेला मी पाहिला. साहेबाने काठीचे टोक फुगवट्याच्या कडेला लावले. जोर करावा लागला नाही. सबंध पापुद्रा सुटून खाली आला आणि धक्क्यावर फुटला. आत चिरा नव्हता. चिऱ्याच्या जागी तांबडा चिखल होता आणि तो हळूहळू खाली सरकू लागला. साहेबाने त्यात बोट घातले. ते बरेच आत गेले.

एक लहान मूल हसले, त्याला आईने गप्प केले. साहेबाने रुमालाने बोट पुसले आणि हलक्या आवाजात म्हणाला, "आणखी एक पावसाळा काढणार नाही हा. मी काय लिहू, तुम्हीच सांगा."

हा प्रश्न त्याने मला विचारला होता, कारण मी कॉलेजातला. मी बाबांकडे बघितले. बाबा खाली पडलेल्या पापुद्र्याचे तुकडे पायाने एकत्र करीत होते.

"लिवा जसा हाय तसा," चाचा म्हणाले.

कोल्हापूरला गेल्यावर मी एका प्राध्यापकांना याचे कारण विचारले. त्यांनी समजावून दिले. जांभ्यात खारे पाणी मुरते. चुना असला तर ते हळूहळू बाहेर पडून वाळते. शिमीट ते आत कोंडून धरते, आणि कुठे बारीक चीर गेली तर पावसाचे पाणीही आत घेते, बाहेर सोडीत नाही. मग दगड आतल्या आत कुजतो. झाप असते तर निदान वरचे पाणी लागले नसते. मला ते सगळे नीट समजले असे म्हणवत नाही, पण पुरेसे समजले. मी ते बाबांना सांगितले नाही. सांगितले असते तर त्यांना ते आपल्या भावावर ठेवावे लागले असते. काकाला मात्र कोणी तरी मुंबईत सांगितले असणार. तो पुढच्या गणपतीला आला नाही, शिमग्याला आला नाही, आणि अजून आलेला नाही. आये दर वर्षी त्याच्या वाटणीची पुरणपोळी करते आणि ती दुसऱ्या दिवशी मीच खातो, सुट्टीत असलो तर.

पाडण्याचे काम लांज्याकडच्या एका मुकादमाने घेतले. त्याने माणसे वाडीतलीच लावली, कारण दुसरी कुठून आणणार? बाबाही कामावर गेले. आये नको म्हणत होती. ते म्हणाले, काचेची पेटी दुसऱ्याला उतरवता येणार नाही. उन्हाळ्याची सुट्टी सुरू झाली होती, म्हणून मीही गेलो. बाबांनी पेटी उतरवली, तांबडी काच गोणपाटात गुंडाळून मुकादमाच्या हातात दिली. ती खात्याकडे जमा झाली. त्यानंतर त्यांनी पहार उचलली. मला वाटले होते ते तिथे थांबतील. थांबले नाहीत. इतरांच्या बरोबरीने ते चिरे सुटे करीत राहिले. वरचे आणि जमिनीच्या बाजूचे चिरे चांगले होते, अजून कडक; ते मोटारीच्या रस्त्यावरच्या एका मोरीसाठी गाडीत भरले. समुद्राकडचे पहार लावली की ढासळत. ते खाडीत लोटले. पाणी तांबडे झाले आणि भरती आल्यावर पुन्हा निवळले. संध्याकाळच्या आत सगळे संपले. इतक्या वर्षांची वस्तू एवढ्या लवकर संपते याचे मला आश्चर्य वाटले, पण बाकी कोणाला वाटलेले दिसले नाही.

चाचा आपल्या जागेवर पायरीवर बसून होते. बाबा हात धुवून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. चाचांनी विडी पुढे केली. नेहमीचे बोलणे होईल असे मला वाटले, म्हणून मी जवळ थांबलो. कावीळ नाही, काच नाही, काही नाही. दोघे भाट्याकडे बघत विडी ओढीत बसले.

त्यानंतर कोणती होडी खडपावर गेली नाही. हे मला लिहिले पाहिजे, कारण ते खरे आहे. होडीवाले भाट्याचे माड बघून खूण धरू लागले आणि त्यांना ते सोपे गेले. नारळी पौर्णिमेला आता सरळ नारळ देतात. गेल्या वर्षी एका लहान मुलाला मी शेवटची होडी म्हणजे काय ते विचारले, तर त्याने वाळूवरच्या एका फुटक्या होडीकडे बोट दाखवले.

बाबा अजून चैत्रात झाप विणायला बसतात. गोठ्याला लागतात त्यापेक्षा जास्त होतात. उरलेले लाकडांवर टाकतात.

मनोऱ्याचा एक चिरा आमच्या घरी होता. गाडी भरताना तो खाली पडला होता आणि कोणी उचलला नाही, म्हणून आयेने तो विहिरीवर धुणे धुण्यासाठी आणला. दिसायला चांगला होता, चपटा, एका अंगाला जुन्या चुन्याचा पांढरा थर तसाच राहिलेला. चुन्याचे अंग वर करून तिने तो बसवला. बाबांनी त्यावर कधी पाय दिला नाही. आंघोळीला जाताना ते त्याला वळसा घालून जात आणि आम्ही ते पाहिले न पाहिलेसे करीत असू. पण तोही आतून गेलेला होता. पावसाळ्यानंतर त्याची एक बाजू सुटू लागली, कपड्यांना तांबडे डाग पडू लागले. माझ्या कॉलेजच्या पांढऱ्या सदऱ्याला डाग पडला, तेव्हा आयेने तो चिरा उचलला आणि माडाच्या आळ्यात टाकला. बाबा ओटीवरच होते. त्यांनी पाहिले.

"दुसरा दगड आणायला होवा," आये म्हणाली.

"आणतो," बाबा म्हणाले.